९० आणि ९० मिळून ९३

एक यंत्र ९० डेसिबल आवाज करतं. शेजारी तसंच दुसरं सुरू केलं, तर मापकावर १८० नाही, ९३ दिसतात. डेसिबलची पट्टी लॉगरिदमची आहे: ध्वनीची ऊर्जा दुप्पट झाली की आकडा जेमतेम ३ नं वाढतो, दसपट झाली की १० नं. ‘८५चे ८८ झाले, तीनच तर वाढले’ असं म्हणणारा माणूस कानावर दुप्पट मारा करून घेत असतो. त्यात कानही साथ देत नाही. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते. तोवर ऊर्जा दसपट झालेली असते. म्हणून कामाच्या जागेचा गोंगाट अंदाजानं ठरवू नये, मोजावा.

मोजण्याआधी मापकाच्या मायक्रोफोनवर कॅलिब्रेटर बसवून १००० हर्ट्‌झचा, बहुधा ९४ डेसिबलचा, ठरलेला सूर ऐकवतात आणि मापक तोच आकडा दाखवतो का ते पाहतात. ही दोन मिनिटं वाचवली तर पुढचे सगळे आकडे संशयास्पद. मापक ‘ए’ भारांकनावर (खर्ज-तार सुरांना कमी-जास्त वजन देणाऱ्या मांडणीवर) ठेवतात, कारण आपला कान खर्जातले आवाज कमी ऐकतो आणि हे भारांकन तीच सवय पाळतं.

पण खरा प्रश्न किती वेळ ऐकलं हा असतो. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला दिवसाला जास्तीत जास्त ८ तासांची आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ला ४ तास, ९१ला २, आणि १००ला फक्त १५ मिनिटं. समजा, एक कामगार पावणेआठ तास ८० डेसिबलमध्ये असतो आणि पाव तास १०० डेसिबलच्या ग्राइंडरजवळ. त्या पाव तासातच दिवसाचा पूर्ण कोटा संपतो. उरलेल्या पावणेआठ तासांची त्यात भर पडते ती त्याच कोट्याच्या फक्त ३० टक्क्यांच्या आसपास. खोलीच्या मधोमध मापक धरून दहा मिनिटांत निघून जाणाऱ्याला हा पाव तास दिसतच नाही.

अशा फिरत्या कामासाठी डोसीमीटर वापरतात. त्याचा मायक्रोफोन खांद्यावर, कानाच्या जवळ लावतात आणि तो पाळीभर नोंद ठेवतो. अडचण एवढीच, की कुणी त्यावर टिचकी मारली किंवा गंमत म्हणून ओरडलं, तर तेही नोंदवलं जातं. त्यामुळे आलेख वाचताना कामगाराला जवळ बसवून घ्यावं: दुपारचा तो उंच सुळका ग्राइंडरचा, की थट्टेचा, हे त्यालाच सांगता येतं.