ईयोब गप्प बसला नव्हता

घरात आजारपण आलं की चर्चमधलं कोणीतरी हमखास सांगतं, बायबलमधल्या ईयोबासारखा धीर धर, कुरकुर केलीस म्हणजे विश्वास कमी पडला. त्याच्या धीराचं नाव बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात (5:11) आहेच, पण लोक ईयोबाच्या पुस्तकाचे पहिले दोनच अध्याय वाचून थांबतात की काय कोण जाणे! मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर गळवं, राखेत बसून खापराच्या तुकड्याने खाजवतोय, तिथवर तो शांत आहे आणि 3ऱ्या अध्यायात तोंड उघडतो ते थेट स्वतःच्या जन्मदिवसाला शाप द्यायला, मग पुढे पानंच्या पानं देवालाच जाब विचारणं. अलीफज, बिल्दद, सोफर या मित्रांचं एकच पालुपद, तू काहीतरी पाप केलंच असणार. शेवटी देव वावटळीतून बोलतो, ईयोब मी तुच्छ म्हणत तोंडावर हात ठेवतो, पण हे सगळं माझ्यावरच का, याचं उत्तर त्याला मिळतच नाही. आणि त्याच पुस्तकात 42:7 मध्ये देव चिडतो कोणावर, तर त्या मित्रांवर! ईयोब माझ्याबद्दल नीट बोलला, तुम्ही नाही, असं सुनावून अर्पणासाठी 7 बैल, 7 मेंढे घेऊन त्यांना ईयोबाकडेच पाठवतो, तोच तुमच्यासाठी प्रार्थना करेल म्हणून.