खिशातले पेन, खिशातली वही: जोडी कशी जमवावी

छोटे फाउंटन पेन घ्यायला आलेले ग्राहक बहुधा आधी पेन पसंत करतात, मग शाईचा रंग, आणि वही शेवटी, हाताला येईल ती. आमचा सल्ला नेमका उलट्या क्रमाचा आहे. आधी वही ठरवा, मग निब, मग शाई, आणि पेन कोणते हे सगळ्यांत शेवटी. टेबलावरच्या वहीचे पान लिहून झाल्यावर उघडे राहते. खिशातल्या वहीत दोन ओळी लिहिल्या की ती लगेच मिटते. म्हणून या जोडीत पहिला प्रश्न शाई किती लवकर वाळते हा आहे, आणि ते जितके शाईवर तितकेच कागदावर ठरते.

आकार आणि पुठ्ठा

खिशातल्या वह्यांचा सर्वांत रुळलेला आकार ९ × १४ सेंमी. शर्टाच्या खिशात ती उभी राहते, वर थोडी डोकावते. ए६ म्हणजे १०.५ × १४.८ सेंमी, हिच्यात लिहायला ऐसपैस जागा मिळते, पण शर्टाच्या खिशात अडते, ती झोळीत किंवा पर्समध्येच बरी. ए७ म्हणजे ७.४ × १०.५ सेंमी, यादी आणि हिशेबाला पुरे, सलग मजकुराला अपुरी.

आकाराइतकाच पुठ्ठाही पाहा. तुम्ही उभ्याने, तळहातावर वही धरून लिहिणार असाल तर कडक पुठ्ठ्याची वहीच घ्या. मऊ पुठ्ठ्याची वही हातात वाकते, पान निबेखाली दबते, निबेची दोन टोके नकळत फाकतात आणि शाई गरजेपेक्षा जास्त उतरते. बसून लिहिणाऱ्यांना पिना मारलेली पातळ, ४८ पानी वही उत्तम. ती सपाट उघडते आणि भरली की बदलता येते. शिवलेल्या वहीतले पान सुटत नाही. नुसत्या डिंकाने चिकटवलेली वही मात्र खिशातल्या वाकण्याने लवकर उसवते.

कागद: महाग तो इथे योग्य असेलच असे नाही

कागद बनवताना लगद्यात आणि वरच्या पृष्ठावर खळ देतात. खळ कमी असेल तर शाई तंतूंमधून आडवी धावते आणि रेघेला केस फुटतात; यालाच आपण शाई फुटणे म्हणतो. शाई कागदातून आरपार जाऊन मागच्या पानावर ठिपके पडले तर ती मागे उतरली. मागच्या बाजूने नुसते सावलीसारखे दिसत असेल तर तो कागदाचा पातळपणा आहे, दोष नव्हे.

जीएसएमचा आकडा पाहून फसू नका. तो फक्त एका चौरस मीटर कागदाचे वजन सांगतो. जपानचा तोमोए रिव्हर कागद ५२ जीएसएमचा, हातात घेतला तर पतंगाच्या कागदासारखा, तरी त्यावर शाई फुटत नाही आणि मागेही उतरत नाही. उलट १०० जीएसएमच्या कितीतरी वह्यांमध्ये एम (मध्यम) निबेची रेघ आरपार जाते.

मात्र हाच उत्तम कागद खिशात अडचणीचा ठरतो. शाई आत शिरत नाही, वरच थांबते, म्हणून उशिरा वाळते. साध्या, बऱ्यापैकी खळ असलेल्या कागदावर बारीक निबेचे अक्षर साधारण ४ ते ६ सेकंदांत वाळते. ऱ्होडिया कंपनीच्या वह्यांतल्या ८० जीएसएम कागदावर १० ते १५ सेकंद लागतात, आणि तोमोए रिव्हरवर एम निबेला अर्ध्या मिनिटापर्यंत. बस पकडताना अर्धा मिनिट कोण थांबणार? म्हणून दैनंदिनी टेबलावर लिहिणाऱ्याला आम्ही तोमोए रिव्हर आनंदाने देतो, पण फिरतीवर नोंदी करणाऱ्याला किंचित शोषक कागद आणि ईएफ (अतिबारीक) निब ही जोडी सुचवतो. शिकागोच्या फील्ड नोट्ससारख्या पिनवाल्या वह्या याच कामाच्या आहेत. त्यांच्या नेहमीच्या आवृत्तीत ईएफ निब आणि सुकी (आखडून वाहणारी) शाई एवढे पथ्य पाळावे.

गुळगुळीत कागदाची वही तुमच्याकडे आधीच असेल तर ८ × १३ सेंमीचा टीपकागदाचा तुकडा चालू पानात ठेवा. लिहून झाले की दाबा, घासू नका.

देवनागरीसाठी निब

निबेवर लिहिलेले माप एकसारखे नसते. युरोपातल्या ईएफची रेघ साधारण ०.४ मिमी, एफची (बारीक) ०.५ ते ०.६, एमची ०.७ च्या आसपास. जपानी एफ युरोपीय ईएफइतकी किंवा त्याहूनही बारीक असते. इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी सुचवलेली निब मराठीसाठी डोळे मिटून घेऊ नका.

खिशातल्या वहीत दोन ओळींमध्ये बहुधा ६ मिमी अंतर असते. वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार यांना जागा सोडली की अक्षराच्या अंगाला जेमतेम ३ मिमी उरतात. त्यात ०.७ मिमीची रेघ आली की भ आणि ध यांची गाठ बुजते, ष मधली तिरकी रेघ हरवून तो प दिसतो, क्ष आणि द्ध तर ठिपकेच होतात. ६ मिमीच्या ओळीला युरोपीय ईएफ किंवा जपानी एफ घ्या. ५ मिमीच्या चौकटीला जपानी ईएफ किंवा एफ, नाहीतर एक ओळ सोडून लिहा. ७-८ मिमीची ओळ असेल तर युरोपीय एफ खुशाल वापरा. एम निब कोऱ्या पानांसाठी राखून ठेवा.

शिरोरेषेचाही विचार करा. शब्द पूर्ण झाल्यावर वरून रेघ ओढायची सवय असेल तर निब ओल्या दंडांवरून जाते. त्या सांध्यांवर शाई दुप्पट साठते आणि कागद कच्चा, म्हणजे कमी खळीचा, असेल तर शाई पहिल्यांदा तिथेच फुटते. म्हणून वहीची परीक्षा रेघोट्या मारून करू नका, शिरोरेषेसकट शब्द लिहून करा.

चाचणी अशी करा: वहीच्या शेवटच्या पानावर तुमच्याच पेनाने, तुमच्याच शाईने ‘क्षितिज’, ‘वृद्धी’, ‘भाषा’, ‘धर्म’ हे शब्द चार वेळा लिहा. पहिल्या ओळीवर ५ सेकंदांनी, दुसरीवर १० आणि तिसरीवर १५ सेकंदांनी बोट फिरवा. चौथी तशीच ठेवून पान उलटून पाहा. वही मिटण्याआधी किती थांबावे लागेल ते लगेच कळेल. डावखुऱ्यांचा हात ओल्या ओळीवरून जातो, त्यांनी ५ सेकंदांत न वाळणारी जोडी घेऊच नये. आमच्याकडे प्रत्येक वहीच्या कागदाचे सुटे तुकडे ठेवलेले असतात, मागून घ्या.

शाई

ओली शाई सहज वाहते, रेघ जाड करते आणि उशिरा वाळते. पायलट कंपनीची इरोशिझुकू शाई या जातीची. सुकी शाई आखडून वाहते. पेलिकनची ४००१ मालिका तशी. खिशातल्या वहीला सुकीच बरी. रोजच्या नोंदींना साधी निळी शाई पुरते, पण ती पाण्याने धुऊन जाते. पावसात फिरणाऱ्यांनी किंवा पावतीवर सही करणाऱ्यांनी आयर्न गॉल (लोहक्षाराच्या) प्रकारची ब्लू-ब्लॅक वापरावी. ती तंतूंना धरून काळी पडते आणि कच्च्या कागदावरही कमी फुटते. मात्र ती पेनात वाळू द्यायची नाही. वाळली की फीडच्या, म्हणजे निबेला शाई पुरवणाऱ्या भागाच्या, बारीक खाचा बुजतात. प्लॅटिनम कार्बनसारखी रंगद्रव्याची शाई पाण्याला दाद देत नाही, पण आठवडाभर बंद राहणाऱ्या पेनात ती घालू नका.

पेन आणि भरण्याची पद्धत

खिशातल्या पेनांत सर्वांत ओळखीचे म्हणजे जर्मनीचे कावेको स्पोर्ट. मिटलेले १०.५ सेंमी, टोपण मागे लावल्यावर सुमारे १३.३ सेंमी. अष्टकोनी टोपणामुळे घरंगळत नाही, आणि टोपण आट्यांचे असल्याने खिशात आपोआप उघडत नाही. प्लास्टिकचे अंग हलके. पितळी पेनाचे वजन ४० ग्रॅमच्या वर जाते आणि पातळ शर्टाचा खिसा ओढला जातो. जपानमध्ये १९६०-७० च्या दशकांत लांब टोपण आणि आखूड अंग असलेली पेने खूप चालली. पायलटचे ई९५एस हे त्याच घराण्यातले, १४ कॅरट सोन्याच्या निबेचे. त्याचे टोपण नुसते ओढून निघते, त्यामुळे दोन शब्दांची नोंद घाईत करायला ते अधिक सोयीचे.

कावेको स्पोर्टमध्ये आंतरराष्ट्रीय मापाचे आखूड कार्ट्रिज (शाईची तयार नळी) बसते, त्यात पाऊण मिलिलिटरच्या आसपास शाई मावते. लांब कार्ट्रिज त्यात जात नाही. छोटा कन्व्हर्टर (बाटलीतून शाई ओढून घेणारी नळी) मिळतो, पण त्यात शाई त्याहूनही कमी राहते. आमच्या मते सर्वांत सोयीचे म्हणजे रिकामे कार्ट्रिज बोथट सुईच्या सिरिंजने पुन्हा भरणे. त्याचे तोंड सैल वाटू लागले की टाकून द्या. नवे कार्ट्रिज ‘टक्’ असे जाणवेपर्यंत सरळ दाबा आणि निब खाली करून १५ मिनिटे पेन उभे ठेवा. लिहिता लिहिता शाई थांबली आणि कार्ट्रिज भरलेलेच दिसले, तर शाई मागच्या टोकाला चिकटली आहे. हलकी टिचकी मारा. पुन्हा पुन्हा तसे झाले तर ते कार्ट्रिज भांड्यांच्या साबणाच्या थेंबभर पाण्याने आतून धुऊन, नंतर नुसत्या पाण्याने खळबळून घ्या.

प्लास्टिकच्या स्पोर्टच्या अंगात थेट ड्रॉपरने शाई भरता येते. पुढच्या भागाचे आटे कोरडे करून त्यांवर शुद्ध सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. व्हॅसलीन चालणार नाही. अंग चार-पंचमांश भरा, हाताने घट्ट फिरवा, पक्कड लावू नका. अंग धातूचे असेल तर हा प्रयोग करायचा नाही, शाईने धातू खराब होतो.

या पद्धतीत शाई भरपूर मावते, पण अर्धे पेन रिकामे झाले की आतल्या हवेला हाताची किंवा छातीची ऊब लागते, हवा फुगते आणि निबेतून शाईचा थेंब ढकलते. पुण्याहून महाबळेश्वरला चढताना सुमारे ८०० मीटर उंची वाढते, बाहेरचा दाब कमी होतो, आणि तेच घडते. विमानात तर नक्कीच. उपाय दोन: अंग एक-तृतीयांशावर आले की पुन्हा भरा, आणि प्रवासात पेन निब वर करून ठेवा, म्हणजे फुगलेली हवा शाईला न ढकलता निघून जाते. शर्टाच्या खिशात रोज पेन ठेवणाऱ्यांनी कार्ट्रिजच वापरावे, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

पेन वहीच्या पानांत घालून वही मिटू नका, बांधणी तिथेच उसवते. पँटच्या मागच्या खिशात तर दोन्ही नकोत.

पावसाळा, घाम आणि सफाई

जून ते सप्टेंबर कागद दमट असतो. तीच जोडी जास्त फुटते आणि उशिरा वाळते. कोकणात हे विशेष जाणवते. या दिवसांत वही झिपच्या पिशवीत ठेवा. उन्हाळ्यात वेगळा त्रास: घामाच्या, तेलकट बोटांचे डाग पानाच्या खालच्या कोपऱ्यात पडतात आणि तिथे निब शाई सोडत नाही. पेन बिघडले असे वाटते, पण तीच निब पानाच्या वरच्या भागात नीट चालते. हाताखाली कागदाचा कपटा ठेवा.

दर महिन्याला किंवा शाई बदलताना पेन साध्या पाण्याने, स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुवा. आयर्न गॉल वापरत असाल तर पंधरा दिवसांनी. गरम पाणी किंवा स्पिरिट वापरू नका.

पेन नीट चालत नाही म्हणून दुकानात आणाल तेव्हा ते न धुता आणा, आणि सोबत तीच वही व तीच शाई असू द्या. बिघाड तिघांपैकी कशात आहे ते तुमच्यासमोरच तपासून सांगता येते.