हिशेब आणि साक्षीदार : धर्मपुढाऱ्यांच्या उत्तरदायित्वाची बायबलमधील पार्श्वभूमी

धर्मपुढाऱ्याने आपल्या वागणुकीचा हिशेब केवळ देवाला द्यायचा की माणसांनाही, हा प्रश्न ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये वरचेवर उठतो, आणि तो विचारणाऱ्याला बहुधा ‘देवाच्या अभिषिक्तांना (म्हणजे देवाने निवडून नेमलेल्यांना) हात लावू नका’ हे वचन ऐकवले जाते. स्तोत्र १०५ मधील हे शब्द परक्या मुलखात भटकणाऱ्या अब्राहाम, इसहाक व याकोब या इस्राएलच्या पूर्वजांना राजांपासून मिळालेल्या संरक्षणाविषयी आहेत. चौकशीतून सूट देण्याचा तेथे विषयच नाही. आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजाला ‘परमेश्वराचा अभिषिक्त’ म्हणून जिवंत सोडणाऱ्या दाविदानेही गुहेबाहेर येऊन, त्याच्या झग्याचा कापलेला काठ हाती धरून, त्याला जाब विचारलाच होता.

मुळात अधिकार जितका मोठा तितकी जबाबदारी जड, हे लेवीय या बायबलमधील नियमग्रंथाच्या ४ थ्या अध्यायातच स्पष्ट आहे. सामान्य माणसाच्या हातून नकळत घडलेल्या पापासाठी शेळी किंवा मेंढी पुरे. अभिषिक्त याजकाला मात्र गोऱ्हा अर्पावा लागे, म्हणजे सबंध इस्राएल मंडळीच्या पापासाठी जे अर्पण सांगितले आहे तेच.

ही जाणीव सुटली की काय होते, ते इस्राएलच्या जुन्या उपासनास्थानी, शिलो येथे दिसले. अर्पणाचे मांस शिजत असताना याजकाचा चाकर तीन काट्यांचा आकडा घेऊन येई, हंडीत खुपसे आणि वर येईल ते याजकासाठी नेई. पुढे तर चरबी जाळण्याआधीच कच्चे मांस मागून, नाही म्हटल्यास बळजबरीने घेण्यापर्यंत मजल गेली. हे करणारे याजक म्हणजे तेथील वृद्ध याजक एली याचे मुलगे. एलीने आपल्या मुलांची कानउघाडणी केली, पण त्यांना आवरले नाही, आणि त्याबद्दल दोष त्यालाही लागला. तेथेच वाढलेल्या शमुवेल संदेष्ट्याने उतारवयात लोकांसमोर उभे राहून, ‘मी कोणाचा बैल घेतला? कोणाकडून लाच घेतली?’ असे स्वतःहून विचारले. त्याचे स्वतःचे मुलगे लाच खात, हेही शमुवेलाच्या नावाच्या त्याच ग्रंथाने लपवलेले नाही, आणि मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

पुढे यहूदाच्या योवाश राजाच्या कारकिर्दीच्या २३ व्या वर्षापर्यंत याजकांनी यरुशलेमेतील मंदिराची डागडुजी केलेली नव्हती. तेव्हा यहोयादा याजकाने एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली. ती भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून पैसे मोजत. यहोयादा सज्जन होता, तरीही मोजणारे हात दोन ठिकाणचे ठेवले गेले, हे विसरता कामा नये.

नव्या करारात प्रेषित पौलाने हीच रीत पाळली. यरुशलेमेतील गरिबांसाठी गोळा केलेली रक्कम नेताना मंडळ्यांनी निवडलेला भाऊ सोबत होता, कारण देवासमोरच नव्हे तर माणसांसमोरही व्यवहार चोख असावा, असे तो करिंथ येथील मंडळीला लिहितो. अंत्युखिया शहरात केफा, म्हणजे प्रेषित पेत्र, चुकला तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमक्ष सुनावले. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला मात्र त्याने दुहेरी नियम दिला : दोघा-तिघा साक्षीदारांशिवाय वडिलावरील (म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यावरील) आरोप ऐकू नये, आणि पाप करीत राहणाऱ्यांचा दोष सर्वांसमोर पदरी घालावा. पहिल्या अर्ध्या नियमाचाच आधार घेऊन दुसरा दडपला जातो, हे दुःखद आहे.

पुढे काही बिशप चर्चची मालमत्ता कारभाऱ्यावाचून एकट्यानेच सांभाळू लागले. इ.स. ४५१ मध्ये खाल्किदोन येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने २६ व्या नियमाने प्रत्येक बिशपाला आपल्याच याजकवर्गातून एक कारभारी नेमणे बंधनकारक केले, आणि कारण दिले ते हेच : चर्चचा कारभार साक्षीदारावाचून चालू नये.