लष्करी ताब्यातील प्रदेश : नागरी व राजकीय हक्क

परक्या सैन्याचा प्रत्यक्ष अंमल बसलेल्या मुलखातील रहिवाशांचे हक्क. ताबा मिळाला म्हणून सार्वभौमत्व मिळत नाही, हे यामागचे मूळ तत्त्व. १९०७ च्या हेग नियमावलीनुसार ताबा घेणाऱ्याने, अगदीच अशक्य नसेल तर, चालू कायदे पाळायचे असतात. लोकांकडून निष्ठेची शपथ घेता येत नाही, खाजगी मालमत्ता जप्त करता येत नाही.

१९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने एकाच्या कृत्यासाठी इतरांना शिक्षा करण्यास (कलम ३३) आणि रहिवाशांना मुलखाबाहेर हलवण्यास (कलम ४९) मनाई केली. कलम ६५ ची चर्चा फारशी होत नाही, पण ते तितकेच मोलाचे आहे : नवे दंडनियम लोकांच्या भाषेत प्रसिद्ध झाल्याशिवाय लागू होत नाहीत. घरातला माणूस कोणत्या गुन्ह्यासाठी नेला हेच घरच्यांना वाचता येत नसेल, तर त्यांनी दाद कशाविरुद्ध मागायची?

सभा, वृत्तपत्रे आणि मतदान यांबाबत मात्र हे करार जवळजवळ गप्प आहेत आणि ही त्यांतील मोठी उणीव आहे. सुरक्षेच्या कारणाने स्थानबद्धता चालते. तिच्याविरुद्ध अपिलाची सोय असावी लागते. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार ताब्यातील प्रदेशातही लागू राहतो, असे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्ये दिले.

हे कायदे होण्यापूर्वी परक्या फौजेपुढे रयतेची काय गत होई, हे कोल्हापूरच्या इतिहासात दिसते. कोल्हापूर संस्थान इंग्रजांशी तहाने बांधलेले होते. त्यामुळे काटेकोर अर्थाने हा लष्करी ताबा नव्हे. पण पिढ्यान्‌पिढ्या किल्ले राखणाऱ्या गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदाराच्या हाताखाली गेल्या, तेव्हा १८४४ मध्ये सामानगडापासून बंड पेटले. १ डिसेंबरला इंग्रज फौजेने पन्हाळा घेतला. गडकऱ्यांची शिबंदी मोडली, तटबंदी पाडली. कोल्हापूरहून वर चढणारी गाडी आज गडात शिरते ती तेव्हा पाडलेल्या चार दरवाजापाशी. उरलेले दगड तिथे अजून दिसतात. त्यानंतर कारभार इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती गेला.

३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापुरात इंग्रज फौजेतील देशी शिपायांच्या २७ व्या पलटणीने उठाव केला. तो मोडल्यावर छत्रपतींचे बंधू चिमासाहेब यांना कराचीला नेऊन ठेवण्यात आले. कलम ४९ ने पुढे ज्या कृतीला मनाई केली, तीच ही. चिमासाहेब कोल्हापूरला परतले नाहीत. १८६९ मध्ये कराचीतच त्यांचे निधन झाले.