रिकामा, आळशी आणि झोपलेलं खातं

लातूरच्या कुठल्याही अभ्यासिकेत शब्दार्थांची एक वही हमखास सापडते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. आयडल, लेझी, इनर्ट, लेथार्जिक, डॉरमंट अशी रांग, आणि समोर आलटून पालटून दोनच अर्थ: आळशी, निष्क्रिय. माझीही वही तशीच होती. सराव परीक्षेत एक वाक्य आलं, 'फॅक्टरी आयडल आहे', आणि मी सरळ कारखान्याला आळशी ठरवून मोकळा झालो.

आपल्याकडचा साखर कारखाना गाळप संपलं की उभा राहतो. चिमणीतून धूर नाही, गव्हाणीत ऊस नाही. त्याला कोणी आळशी म्हणत नाही. त्याला काम नाही, एवढंच. आयडल म्हणजे हेच.

या शब्दाचा जुना अर्थ तर माणसाशी जोडलेलाही नव्हता. जुन्या इंग्रजीत तो 'ईडेल' होता आणि त्याचा अर्थ रिकामं, पोकळ, व्यर्थ. सुमारे हजार वर्षांपूर्वी ॲल्फ्रिक नावाच्या इंग्रज धर्मगुरूने बायबलच्या पहिल्या पुस्तकाचं भाषांतर केलं. सृष्टीच्या सुरुवातीला पृथ्वी कशी होती, तर 'ईडेल आणि एम्तिग'. यातला दुसरा शब्द म्हणजे आजचा 'एम्प्टी'. गंमत अशी की एम्प्टीचा मूळ अर्थ होता सवड असलेला, मोकळा माणूस. म्हणजे पोकळ भांड्याचा शब्द बिनकामाच्या माणसाकडे गेला आणि सवडीच्या माणसाचा शब्द भांड्याकडे आला. दोघांनी घरंच बदलून घेतली.

मराठीला हे करायला दोन शब्द लागले नाहीत. 'रिक्त'वरून आलेला एक 'रिकामा' दोन्हीकडे पुरतो. घागर रिकामी, हात रिकामे, माणूस रिकामा. 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' या म्हणीतला न्हावी आळशी असता तर पाय ताणून झोपला असता. तो आयडल आहे, गिऱ्हाईक नाही म्हणून भिंतीशी खेळतोय. वहीत आळशीच्या जागी 'रिकामा' लिहिलं असतं तर माझा तो मार्क गेला नसता.

मराठवाड्यात आणखी एक शब्द हाताशी होता. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात. दरबार, कचेरी, वरचं शिक्षण बहुतेक उर्दूत. उस्मानिया विद्यापीठ 1918 साली निघालं तेच उर्दू माध्यमाचं. त्यामुळे इथल्या जुन्या माणसांच्या तोंडी फारसीतून आलेले शब्द घरच्यासारखे. 'बेकार' हा फोडला तर बे आणि कार, म्हणजे काम नसलेला. पदवी घेऊन बसलेला पोरगाही बेकार आणि टपरीवरचा पाणचट चहाही बेकार. काम नाही तिथून निरुपयोगी हा प्रवास इंग्रजी आयडलनेही केला, 'आयडल टॉक' म्हणजे निरर्थक बडबड.

लेझीचं प्रकरण छोटं आहे. हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकात दिसतो, आला कुठून यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण त्यात दोष देण्याचा सूर पहिल्यापासून पक्का. काम आहे, अंगात जोर आहे आणि तरी करत नाही, तो लेझी. आपला 'आळशी' याला अगदी चपखल बसतो.

इनर्ट लॅटिनमधून आला. इन म्हणजे नाही, आर्स म्हणजे कौशल्य, कला. कसब नसलेला, म्हणून काही न करणारा. न्यूटनने 1687 च्या ग्रंथात जडत्वासाठी याच कुळातला शब्द वापरला आणि माणसाचं वर्णन दगडाला लागलं. 1894 साली रॅले आणि रॅमसे यांना हवेत एक वायू सापडला, जो कशाशीच संयोग करेना. नाव ठेवलं आर्गॉन. ग्रीकमध्ये अ म्हणजे नाही (आपला 'अकर्म'मधला अ त्याचाच सख्खा भाऊ) आणि एर्गोन म्हणजे काम, दोन्ही मिळून 'आर्गोस', काम न करणारा. थोडक्यात, कामचुकार वायू. लेथार्जिकच्या पोटातही हाच 'आर्गोस' आहे, त्याच्या आधी 'लेथे' म्हणजे विस्मरण जोडून. गुंगी आलेला, भान हरपलेला. त्याला आपण 'मरगळलेला' म्हणतो, आळशी नव्हे. आर्गॉनचं म्हणाल तर वाळूज एमआयडीसीत वर्कशॉपांच्या पाट्या बघा: 'आर्गन वेल्डिंग करून मिळेल'. तापलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून हा कामचुकार गडी दिवसभर राबतो. 1962 साली रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेटने आर्गॉनच्याच कुळातल्या झेनॉन वायूचं संयुग तयार केलं आणि या सगळ्या कुळाचं 'इनर्ट' हे नाव खोटं पडलं. इंग्रजीत 'नोबल', म्हणजे खानदानी, हे आधीपासूनचं नाव रूढ झालं. आपल्याकडे पुष्कळांच्या तोंडी अजून 'निष्क्रिय वायू'च.

इंडोलंट आज आळशी या अर्थी चालतो, पण मुळात 'न दुखणारा'. डॉक्टर मंडळी अजून सावकाश वाढणाऱ्या गाठीला तोच शब्द लावतात.

राहिला डॉरमंट. फ्रेंच 'दोर्मीर', झोपणं, त्यावरून. यात जागं होण्याची शक्यता गृहीत आहे. वेरूळची लेणी ज्या काळ्या दगडात कोरली तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो उद्रेक डॉरमंट नाही, एक्स्टिंक्ट, म्हणजे विझलेला. बियाण्याची सुप्तावस्था मात्र डॉरमन्सी. सोयाबीनला ती नसल्यात जमा, म्हणून काढणीच्या तोंडावर पाऊस लागला की शेंगेतच कोंब फुटतात.

बँकेत हा शब्द आता गावोगाव पोचलाय. दोन वर्षं खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही की खातं डॉरमंट. आमच्या शेजारचे एक आजोबा पासबुक घेऊन गेले तेव्हा खिडकीपाशी उभा होतो.

"खातं मेलं का माझं?"

"नाही आजोबा, झोपलंय. आधार अन् फोटो घेऊन या, उठवू."

दहा वर्षं झोपलं तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जातात. तिथूनही मागता येतात.