चकचकीत धातूपुढे इन्फ्रारेड थर्मामीटर का फसतो?

कपाळासमोर धरायच्या थर्मामीटरमधले ‘इन्फ्रारेड’ किरण मेंदूला इजा करतात, असे मेसेज कोविडच्या काळात भरपूर फिरले. प्रत्यक्षात किरण निघतात ते कपाळातून. थर्मामीटर ते नुसते गोळा करतो. (काटेकोर बोलायचं तर त्याच्यातूनही थोडे निघतात, पण तसे ते समोरच्या भिंतीतूनही निघतात.) काही मॉडेलमधून पडणारा लाल लेसरचा ठिपका फक्त नेम धरण्यासाठी असतो.

अवरक्त (म्हणजेच इन्फ्रारेड) प्रारणाची तरंगलांबी साधारण 0.7 मायक्रोमीटर ते 1 मिलिमीटर. विल्यम हर्शेलने 1800 साली सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडून, लाल रंगाच्या पलीकडे जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं तिथे थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला. टीव्हीचा रिमोट या पट्ट्याच्या अलीकडच्या टोकाला, 0.94 मायक्रोमीटरच्या आसपास चालतो. तापमान मोजायला मात्र बहुधा 8 ते 14 मायक्रोमीटरचा पट्टा वापरतात. साध्या तापमानाच्या वस्तूंचं प्रारण 10 च्या आसपास सर्वाधिक असतं आणि तिथे हवाही ते फारसं अडवत नाही.

आत थर्मोपाइल असतो, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या अनेक थर्मोकपलांची (तापमानातल्या फरकाने व्होल्टेज देणाऱ्या दोन धातूंच्या जोडांची) माळ. प्रारणाने त्याच्या पातळ पडद्याचा मध्यभाग कडेपेक्षा किंचित तापला की सूक्ष्म व्होल्टेज तयार होतं. कडेचं तापमान वेगळा थर्मिस्टर (तापमानानुसार विद्युतरोध बदलणारा घटक) सांगतो. दोन्हींवरून समोरच्या वस्तूचं तापमान काढलं जातं.

खरी गंमत पुढे आहे. त्याच तापमानाची आदर्श काळी (पडेल ते सगळं प्रारण शोषणारी) वस्तू जितकं प्रारण सोडेल, त्याचा किती भाग ही वस्तू सोडते, ती तिची उत्सर्जकता. त्वचेची सुमारे 0.98, पाण्याची 0.96, पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमची जेमतेम 0.05. अपारदर्शक वस्तू जेवढं कमी सोडते तेवढं जास्त परावर्तित करते. म्हणजे चकचकीत ॲल्युमिनियमकडून येणाऱ्या प्रारणात खोलीचाच वाटा मोठा.

हिशेब करून पाहू. प्रारण केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतं. भांडं 100 अंश सेल्सिअसला (373 केल्विन), खोली 25 अंशांना (298 केल्विन). येणारं प्रारण 0.05 × 373⁴ + 0.95 × 298⁴ या प्रमाणात. उपकरणाने उत्सर्जकता 0.95 धरलेली असते, म्हणून त्याचं उत्तर येतं सुमारे 30 अंश! उकळत्या पाण्याचं भांडं आणि आकडा ‘कोमट’. हात लावला तर पोळेल. पट्टा मर्यादित असल्याने नेमका आकडा थोडा बदलेल, चूक मात्र एवढीच मोठी.

यावर उपाय सोपा. धातूवर काळी इन्सुलेशन टेप घट्ट चिकटवा, ती धातूइतकी तापू द्या आणि टेपवरच मोजा (टेपला झेपेल इतक्याच तापमानाला). मॅट रंगही चालतो, अगदी पांढरासुद्धा. तो डोळ्यांना पांढरा दिसला तरी 10 मायक्रोमीटरला जवळपास काळाच असतो.

अंतराचंही भान हवं. 12:1 लिहिलेलं उपकरण 60 सेंटिमीटरवरून 5 सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाची सरासरी देतं. पाइप त्याहून बारीक असला तर मागची भिंतही मोजली जाते. खिडकीपलीकडची वस्तू मोजायला जाल तर काचेचंच तापमान मिळेल, कारण या पट्ट्यात साधी काच अपारदर्शक असते. भिंतीआडची माणसं दाखवणारे थर्मल कॅमेरे चित्रपटातच. आणि उपकरण थंड खोलीतून उकाड्यात आणलं असेल तर अर्धा तास तसंच ठेवा, नाहीतर आतला थर्मिस्टर आणि थर्मोपाइल यांचं आपसातच जुळत नाही.