मशीन लर्निंग प्रणालींतील अकार्यात्मक गरजा

सॉफ्टवेअरने कोणते काम करावे, हे कार्यात्मक गरजा सांगतात. ते किती वेगाने, कितपत सुरक्षित व भरवशाने व्हावे, यासंबंधीच्या अटी म्हणजे अकार्यात्मक गरजा. मशीन लर्निंगमध्ये, म्हणजे डेटावरून स्वतः शिकणाऱ्या प्रणालींत, निःपक्षपातीपणा, निर्णयाचे स्पष्टीकरण व डेटाची गोपनीयता यांचीही त्यांत भर पडते.

संकल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. बॅरी बोएम व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेचे घटक मांडले. काही अभ्यासक आरंभ तेथूनच धरतात. परंतु त्या मांडणीचा भर गुणवत्ता मोजण्यावर होता. बांधणी चालू असतानाच परस्परविरोधी गरजांचा मेळ घालण्याची पद्धत जॉन मायलोपोलस, लॉरेन्स चुंग व ब्रायन निक्सन यांच्या १९९२ च्या लेखात दिसते; अकार्यात्मक गरजांच्या व्यवस्थापनाचा आरंभ येथून मानणे अधिक सयुक्तिक ठरेल. अशी गरज पूर्णांशाने भागत नाही, ती पुरेशी भागली की नाही एवढेच पाहावे, असे या तिघांचे मत आहे. मार्टिन ग्लिंझ यांनी २००७ मध्ये कार्यात्मक-अकार्यात्मक या विभागणीवरच आक्षेप घेतला. मशीन लर्निंगला तो विशेष लागू पडतो, कारण मॉडेलची (डेटावरून शिकून तयार झालेल्या प्रोग्रामची) अचूकता हे त्याचे कार्य की गुण, हे ठरवणे अवघड जाते. जेनिफर हॉर्कॉफ यांनी २०१९ मध्ये या क्षेत्रासाठी स्वतंत्र फेरविचाराची गरज मांडली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींसाठी आयएसओ/आयईसी २५०५९ हे आंतरराष्ट्रीय गुणवत्तामानक २०२३ मध्ये आले.

गोव्यात अकार्यात्मक गरजांचा हा प्रश्न भाषेपाशी येतो. १९८७ च्या राजभाषा कायद्यानुसार देवनागरी कोकणी ही राजभाषा असून मराठीचाही शासकीय कामासाठी वापर करता येतो. कोकणी रोमी (रोमन) लिपीतही लिहिली जाते. मामलेदार कार्यालयात आलेले अर्ज वाचणारी प्रणाली केवळ मराठी मजकुरावर शिकवली, तर लिपी देवनागरीच असूनही ती कोकणीत अडखळेल. १९६२ च्या नियमांनी मराठीतील अनुच्चारित अनुस्वार गेले; कोकणीत मात्र ‘तें’ नपुंसकलिंगी एकवचन, तर ‘ते’ पुल्लिंगी अनेकवचन. टिंब म्हणजे कागदावरचा डाग, असे मॉडेलने धरले की वाक्याचा अर्थच बदलतो. सरासरी अचूकतेत ही चूक झाकली जाते. म्हणून कोकणी, मराठी व रोमी अर्जांची अचूकता वेगवेगळी मोजून प्रत्येकीची किमान मर्यादा आधीच लिहून ठेवणे अगत्याचे आहे. सत्तरी तालुक्यासारख्या भागात पावसाळ्यात नेटवर्क गेल्यावर कार्यालयातील संगणकावरच चालेल असे लहान मॉडेल निवडावे, तर अचूकता काहीशी घटू शकते. ही घट कोणत्या भाषेच्या वाट्याला येते, हेही तपासावे लागते.

गोपनीयतेच्या बाबतीत २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लक्षात घ्यावा लागतो. अर्जदाराची नोंद डेटासंचातून पुसली, तरी तिच्यावर शिकलेल्या मॉडेलमधून तिचा परिणाम आपोआप जात नाही. त्यासाठी मॉडेल पुन्हा शिकवणे हा सर्वांत खात्रीचा, पण खर्चिक मार्ग होय.